सात नंबर डीपी: संयुक्त प्रकल्पाच्या नोंदी

१४ जानेवारी

करारावर एकदाच्या सह्या झाल्या. आम्ही वितरण कंपनी, विद्यापीठाचा विद्युत विभाग आणि एक इन्व्हर्टर (सौर पॅनेलची वीज घरात चालेल अशा विजेत बदलणारं यंत्र) बनवणारी कंपनी, असे तिघे. छतावरच्या सौर संचांमुळे भर दुपारी घरांना वीज देणाऱ्या एलटी (कमी दाबाच्या) लाइनचं व्होल्टेज किती चढतं आणि त्याच इन्व्हर्टरकडून ते खाली आणता येतं का, हा विषय. विद्यापीठ लाइनचं संगणकावरचं मॉडेल आणि एक संशोधक विद्यार्थिनी देणार. इन्व्हर्टरवाले सेटिंग बदलायची मुभा आणि एक अभियंता देणार. आम्ही काय देणार, या रकान्यात मसुद्यात नुसतं 'आवश्यक ते सहकार्य' होतं. म्हणजे काहीच नाही, किंवा मागतील ते सगळं. ते खोडून लिहून घेतलं: मीटरचा डेटा, लाइनचे नकाशे, शटडाऊन आणि खांबावर चढणारी माणसं.

पाच महिने खाल्ले ते एका कलमाने. निष्कर्ष छापण्याआधी कंपनीची पूर्वपरवानगी हवी, असा आमच्या विधी विभागाचा हट्ट. प्राध्यापक म्हणाले, तसं असेल तर जाहिरात एजन्सी गाठा. शेवटी तडजोड झाली. लेख आमच्याकडे तीस दिवस वाचायला येईल. ग्राहकाची ओळख किंवा जाळ्याच्या सुरक्षिततेला धोका होईल असा मजकूर काढायला आम्ही सांगू शकतो. निष्कर्ष आवडला नाही म्हणून अडवू शकत नाही.

वीजकंपन्यांनी मिळून संशोधन करणं काही नवं नाही. १९६५ मध्ये अमेरिकेचा ईशान्य भाग अंधारात बुडाला, त्यानंतर तिथे ही चर्चा सुरू झाली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपन्यांच्या वर्गणीतून ईपीआरआय ही संशोधन संस्था उभी राहिली. पण वर्गणी भरून अहवाल मिळवणं सोपं. आपलीच लाइन उघडी करून बाहेरच्यांना दाखवायची म्हटलं की पोटात गोळा येतो.

२२ जानेवारी

डीपी, म्हणजे वस्तीतला ट्रान्सफॉर्मर आणि त्याची लाइन, निवडायची बैठक. वरिष्ठांनी सुचवलेला फीडर नवा, केबल जमिनीखालून, तक्रारी जवळजवळ नाहीतच. पाहुणे येणार म्हणून बैठकीची खोली आवरावी तसंच हे. मी सात नंबर डीपी मागितली. २०० केव्हीए क्षमतेचा जुना ट्रान्सफॉर्मर, उघड्या तारांची लांब लाइन, ६४ जोडण्या आणि त्यातल्या २३ छतांवर सौर. शेवटच्या चार-पाच खांबांवरच्या ग्राहकांची तक्रार ठरलेली: ऊन चांगलं पडलं की नेमका तेव्हाच इन्व्हर्टर बंद पडतो.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. २३० व्होल्टच्या वर दहा टक्के, म्हणजे २५३. त्यापुढे गेलं की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. दुपारी घरातला वापर कमी, सगळी छतं एकाच वेळी वीज ढकलतात आणि लाइनच्या टोकाला व्होल्टेज चढत जातं. 'ठाऊक आहे' आणि 'मोजलंय' यातलं अंतर भरायचं म्हणून तर हा प्रकल्प.

सात नंबर मंजूर. "बघा हं," एवढंच म्हणाले साहेब.

३० जानेवारी

डेटा द्यायचा, पण कसा? पंधरा मिनिटांच्या नोंदी पाहिल्या की घरातली माणसं कधी उठतात, कधी कामाला जातात, कोणत्या आठवड्यात घराला कुलूप होतं, सगळं कळतं. नावं काढून आकडी क्रमांक दिले. पण मॉडेलला घर कोणत्या खांबावर आहे तेही लागतं आणि खांब कळला की घर कळलं. नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं आपण किती सहज धरून चालतो!

शेवटी ठरलं ते असं: क्रमांकाला घराशी जोडणारी यादी आणि खरा नकाशा आमच्याच कार्यालयातल्या एका संगणकावर राहणार. विद्यार्थिनी आठवड्यातून दोन दिवस इथे बसून काम करणार. २३ सौर ग्राहकांची लेखी संमती मी स्वतः घरोघर जाऊन घेतली. दोघांनी विचारलं, "यातून बिल वाढणार नाही ना?" एकांनी नकार दिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, की चालेल.

६ फेब्रुवारी

डेटा दिला.

१२ फेब्रुवारी

विद्यार्थिनी सकाळीच माझ्या टेबलापाशी. "मॅडम, काही घरांवर सूर्य पंधरा मिनिटं आधी उगवतो का?"

आलेख बघितला. खरंच, साधारण निम्म्या घरांची सौर निर्मिती बाकीच्यांच्या पंधरा मिनिटं आधी सुरू होते. दुपार गेली शोधण्यात. लाइनवर दोन बनावटीचे मीटर आहेत. एक बनावट पंधरा मिनिटांच्या सुरुवातीची वेळ लिहिते, दुसरी शेवटची. १०.०० ते १०.१५ ची वीज एकीकडे १०.०० वर, दुसरीकडे १०.१५ वर. बिलाला याने काडीचा फरक पडत नाही, म्हणून इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षातही आलं नाही. शिवाय चार मीटरांची घड्याळं मागे पडलेली. सगळी घड्याळं जुळवली. तिने आधीचे आलेख पुसून पुन्हा काढले, कुरकुर न करता.

२० फेब्रुवारी

मॉडेल म्हणतं, टोकाच्या खांबावर जास्तीत जास्त २४६ व्होल्ट. मीटर म्हणतात २५५. नऊ व्होल्टचा फरक म्हणजे थोडाथोडका नाही. प्राध्यापकांचा संशय मीटरवर, माझा मॉडेलवर. दोघेही सभ्यपणे बोललो.

दुपारी काकांना घेऊन गेले. काका म्हणजे आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ, ही लाइन ओढली तेव्हा ते हेल्पर होते. चाचणीचा मीटर घेऊन शेवटच्या घराच्या मीटरपेटीपाशी उभं राहिलो. ऊन लख्ख. आकडा २५१, २५२, मग २५३ वर जाऊन थबकला. घरातून इन्व्हर्टरचा रिले कट्कन वाजला आणि आकडा घसरून २४८. मिनिटभर थांबलो, मग आणखी थोडा वेळ. इन्व्हर्टरने पुन्हा जोडणी घेतली, आकडा पुन्हा चढायला लागला. घरमालक दारात उभे राहून आमच्याकडे बघत होते. "हेच. रोज हेच." काकांनी माझ्याकडे बघितलं. मीटर बरोबर आहेत.

२७ फेब्रुवारी

विद्यार्थिनीने कमाल केली. एकाच फेजवरच्या (लाइनच्या तीन वीजवाहक तारांपैकी एकीवरच्या) घरांचं व्होल्टेज एकत्र वर-खाली होतं, एवढ्या एका गोष्टीवर तिने ६४ घरांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या. तीन स्पष्ट गट पडले. आमच्या नोंदींत २३ सौर जोडण्या आर, वाय, बी या तिन्ही फेजवर जवळपास सारख्या वाटलेल्या आहेत. तिच्या गटांप्रमाणे त्यातल्या १४ एकट्या बी फेजवर निघतात.

एका फेजवर वीज ढकलली की प्रवाह परत येतो तो न्यूट्रल या सामाईक परतीच्या तारेतून. तिन्ही फेज समतोल असते तर न्यूट्रलमध्ये जवळपास काही उरलं नसतं, तारेचा रोध एकदाच मोजावा लागला असता. इथे जाताना आणि येताना, दोनदा. मॉडेलने कागदावरचा समतोल खरा मानला. कागद आमचा होता.

काकांना विचारलं, बीवरच इतक्या कशा? त्यांनी सरळ खांबाकडे बोट केलं. तारा एकाखाली एक आहेत. आर सर्वांत वर, बी खाली. "शिडीवर उभं राहून हात कुठे पोचतो सांगा." नवी जोडणी देणाऱ्याने हाताला आली ती तार धरली आणि अर्जावर जो फेज छापून आला होता तो तसाच राहिला. प्रत्येक वेळी कुणी चुकीचं काम केलं असंही म्हणवत नाही. जोडणी तर चालूच झाली ना!

३ मार्च

फेज दुरुस्त केल्यावर फरक नऊवरून सहाच्या आसपास आला. सहा व्होल्ट कुठून?

चहा घेताना विद्यार्थिनी सहज म्हणाली, ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज पायरीपायरीने कमी-जास्त करायची सोय) तीनवर आहे असं धरलंय. काका दुसऱ्या बाजूला बसले होते. कप खाली ठेवून म्हणाले, "तीनवर कुठे? चारवर आहे. मीच केलाय."

फार जुनी गोष्ट. संध्याकाळी टोकाच्या घरांत दिवे मिणमिणायचे, तक्रारींनी जीव नको केला होता. एका रात्री शटडाऊन घेऊन काकांनी टॅप एक पायरी सरकवला. तक्रारी थांबल्या. तेव्हाच्या वहीत नोंद होती, पण ती वही संगणकावर चढलीच नाही. एक पायरी अडीच टक्के, म्हणजे पावणेसहा व्होल्ट. मॉडेलमध्ये टॅप चार केला. आकडा एका व्होल्टच्या आत जुळला.

विद्यार्थिनी हसत होती. काका मात्र अवघडले होते. "मॅडम, मेमो येईल का हो?" म्हटलं, काका, प्रकल्पाचा अर्धा निष्कर्ष तुम्ही चहावर दिलात.

मग टॅप परत तीनवर का नेत नाही? संध्याकाळी आठला टोकाच्या घरी २१५ व्होल्ट असतात. एक पायरी खाली गेलो की २०९. २३० च्या खाली दहा टक्के म्हणजे २०७, त्याच्या अगदी काठावर. दुपारचं दुखणं संध्याकाळवर ढकलल्यासारखं होईल.

१० मार्च

इन्व्हर्टरच्या चाचणीसाठी तिन्ही पक्षांची बैठक. आमच्या संरक्षण विभागाचा विरोध: इन्व्हर्टरला व्होल्टेज हाताळू दिलं आणि काही बिघडलं तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. नियमही बरीच वर्षं हेच सांगत होते. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संघटनेचं १५४७ हे मानक २००३ मध्ये आलं तेव्हा छोट्या निर्मिती संचाने व्होल्टेजचं नियमन करूच नये अशी त्यात अट होती. २०१८ च्या आवृत्तीने उलट सांगितलं: ती क्षमता असलीच पाहिजे. आमच्या २३ पैकी ७ इन्व्हर्टर जुन्या जमान्यातले, त्यांना हे जमणारच नाही.

मी हवाईचं उदाहरण दिलं. तिथल्या वीजकंपनीला भीती होती की फीडर अचानक तुटला तर इन्व्हर्टर व्होल्टेजची उसळी देतील. म्हणून फीडरवरच्या दुपारच्या किमान भाराच्या १२० टक्क्यांपलीकडे सौर जोडण्या सहज मिळत नव्हत्या. २०१४ च्या सुमारास कंपनी, एनआरईएल ही सरकारी प्रयोगशाळा आणि सौर संच बसवणारी सोलरसिटी यांनी मिळून प्रत्यक्ष इन्व्हर्टर तपासले. निष्कर्ष हाती आल्यावर कंपनीने मर्यादा २५० टक्क्यांपर्यंत नेली. भीती खोटी होती असं नाही. तिला आकडा मिळाला. आणि तो मिळाला कारण जिला भीती होती ती कंपनीच प्रयोगात उतरली.

इन्व्हर्टर कंपनीचा अभियंता उत्साहात म्हणाला, सेटिंगचं काय, कधीही बदलता येतं. प्राध्यापकांनी त्याला जर्मनीची आठवण करून दिली. जुन्या नियमाप्रमाणे तिथले सौर संच वारंवारता ५०.२ हर्ट्झला पोचली की सगळे एकदम बंद व्हायचे. संच थोडे होते तोवर ठीक होतं. संच वाढल्यावर मात्र ते एकदम बंद पडून जाळंच डळमळायची भीती, मग २०१२ चा आदेश काढून तीन लाखांवर संच दुरुस्त करत हिंडावं लागलं.

चाचणी मंजूर, अटींसह. पहिला दिवस रविवार, कारण रविवारी भार सगळ्यात कमी.

१६ मार्च, रविवार

फसलं.

साडेअकराला १६ इन्व्हर्टरांना नवं सेटिंग गेलं: व्होल्टेज चढलं की रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता तारांतून नुसती ये-जा करणारी वीज; ती शोषली की व्होल्टेज उतरतं) शोषून घ्या. बाराला टोकाचं व्होल्टेज २५७. उतरायच्या ऐवजी चढलं! पाठोपाठ सहा इन्व्हर्टर बंद. पाच मिनिटांत सगळं मूळ सेटिंगवर आणलं आणि मी डीपीखाली उभी राहून घाम पुसला.

कारण संध्याकाळी कळलं. एका मॉडेलच्या इन्व्हर्टरांत उणे चिन्हाचा अर्थ उलटा धरलेला होता. बाहेर जाणारं अधिक की आत येणारं अधिक? निर्मितीवाला आपल्या बाजूने मोजतो, भारवाला आपल्या. शोषायला सांगितलं, त्यांनी पुरवली. पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतात ही गोष्ट.

इन्व्हर्टरवाल्यांनी दोन ओळींत चूक कबूल केली. ते मला आवडलं.

२३ मार्च, रविवार

आधी एका इन्व्हर्टरवर, मग तीनवर, मग सोळावर. टोकाचं कमाल व्होल्टेज २५५ वरून २५२. एकही बंद पडला नाही.

हे तीन व्होल्ट कुठून आले ते पाहण्यासारखं आहे. एक घर, ५ किलोवॉट, एक फेज. तारेचा जाण्या-येण्याचा रोध समजा ०.३ ओहम. प्रवाह सुमारे २२ अँपिअर, म्हणजे या एका घरापायी साडेसहा व्होल्टची चढ. आता इन्व्हर्टर ०.९ पॉवर फॅक्टरवर (एकूण विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा) चालवला तर तो २.४ केव्हीएआर रिअॅक्टिव्ह पॉवर शोषतो. पण हा उतार पडतो रिअॅक्टन्समुळे (बदलत्या प्रवाहाला होणारा, रोधाहून वेगळा अडथळा) आणि एलटी तारेची रिअॅक्टन्स जेमतेम, ०.०८ ओहम धरू. उतार एक व्होल्टसुद्धा नाही. साडेसहा चढायचे आणि एकाहून कमी उतरायचं. नुसतं तारेकडे पाहिलं तर सगळा खटाटोप फुकट.

मात्र ट्रान्सफॉर्मरचं गणित उलटं. त्याच्यात रोध कमी आणि रिअॅक्टन्स जास्त. सगळ्या इन्व्हर्टरांनी मिळून शोषलेली रिअॅक्टिव्ह पॉवर त्याच्यातून येते आणि खरा उतार तिथे पडतो. म्हणजे टोकाच्या एकट्या घराने कितीही जोर लावला तरी भागत नाही. डीपीजवळच्या, ज्यांना काही त्रासच नाही अशा घरांनीही शोषलं तरच टोकाला आराम. बदल्यात ट्रान्सफॉर्मरचा पॉवर फॅक्टर बिघडतो, तोटा थोडा वाढतो. तो आम्ही सोसायचा.

२ एप्रिल

पुढची पायरी: एवढ्याने भागलं नाही तर व्होल्टेज पाहून निर्मितीच कमी करायची. तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं, आणि माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत अवघड. कात्री दर वेळी टोकाच्याच घरांवर चालणार.

शेवटच्या खांबावरचे ते गृहस्थ, २० फेब्रुवारीला दारात उभे होते तेच. त्यांना समजावून सांगितलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ताई, माझ्या छतावर ऊन काय कमी पडतं? लाइन तुम्ही लांब ओढलीत." मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

साहेबांशी बोलून ठरवलं: चाचणीच्या काळात कापलेली वीज आम्ही भरून देणार. किती कापली हे कळायला शेजारच्या छतावर सूर्यप्रकाश मोजणारं उपकरण बसवलं. कापली नसती तर किती वीज झाली असती, एवढा हिशेब त्यावरून होतो. लेखा विभागाने विचारलं, जी वीज तयारच झाली नाही तिचे पैसे कोणत्या शीर्षकाखाली टाकू?

१३ एप्रिल

साडेतीन तासांचं शटडाऊन. परमिट घेतलं, दोन्ही बाजूंनी अर्थिंग केलं आणि काकांच्या हाताखालच्या पोरांनी बी फेजवरच्या पाच सौर जोडण्या वर सरकवल्या: तीन आरवर, दोन वायवर. लागल्या पाच क्लॅम्प आणि एक लांब शिडी. प्रत्येक जोडणीचा खरा फेज मीटरपेटीच्या आत रंगाने लिहिला.

२० एप्रिल, रविवार

लख्ख ऊन, भार कमी. टोकाचं कमाल २४९. निर्मिती कापायची वेळ आलीच नाही.

प्राध्यापक खूश आहेत आणि थोडे हिरमुसलेलेही. निर्मिती कापण्याच्या न्याय्य वाटपावर त्यांनी एक छान सूत्र तयार ठेवलं होतं, ते वापरायला इथे जागा उरली नाही. म्हटलं, सर, दुसरी डीपी देते. आमच्याकडे वाईट डीपींची टंचाई नाही.

१९ मे

लेखाचा मसुदा वाचायला आला. तीस दिवस सुरू.

२८ मे

विधी विभागाचा शेरा: 'कंपनीच्या नोंदी आणि प्रत्यक्ष स्थिती यांत तफावत आढळली' हा परिच्छेद वगळावा, प्रतिमेला बाधा येते.

पण लेखाचा गाभाच तो आहे! तो काढला तर उरतं काय, एक इन्व्हर्टर आणि तीन व्होल्ट?

उत्तर लिहायला बसले. १६ ऑगस्ट २०१६ ला दक्षिण कॅलिफोर्नियात ब्लू कट वणव्याने उच्चदाब लाइनवर दोष आला आणि जवळपास १२०० मेगावॉट सौर निर्मिती क्षणात बंद झाली. दोषाच्या वेळी विस्कटलेल्या तरंगातून बऱ्याच इन्व्हर्टरांनी वारंवारता चुकीची वाचली होती. तिथल्या यंत्रणांनी आणि कंपन्यांनी आपल्या नोंदी पुढे ठेवल्या, जाळ्याच्या भरवशावर लक्ष ठेवणाऱ्या एनईआरसी या संस्थेने अहवाल उघड छापला आणि इन्व्हर्टर बनवणाऱ्यांनी सेटिंगं बदलली. प्रतिमा जपत बसले असते तर पुढच्या वणव्याला पुन्हा तेच झालं असतं.

मग एवढं सगळं खोडलं आणि दोनच ओळी पाठवल्या: या परिच्छेदात ग्राहकाची ओळख नाही, सुरक्षिततेला धोका नाही, कराराप्रमाणे वगळता येत नाही.

११ जून

विधी विभागाकडून काही नाही. साहेबांनी बोलावलं. मसुदा त्यांच्यासमोर, त्या पानावर पेन्सिलने खूण केलेली. म्हणाले, "तफावत किती ठिकाणी असेल आपल्याकडे?" मी म्हटलं, मोजली ती एकच डीपी. त्यांनी थोडा वेळ पान तसंच धरून ठेवलं, मग 'हरकत नाही' लिहून सही केली.

नकाशा दुरुस्तीचा अर्ज मात्र परत आलाय. छापील नमुन्यात फेज बदलाला रकानाच नाही. 'इतर' मध्ये लिहून पुन्हा दिला.

२४ जून

टॅपचं ठरलं. फेज सारखे झाल्यावर दुपार २४९ वर आणि संध्याकाळ २१६ वर निभते, तेव्हा आहे तिथेच राहू दे. काकांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर, खालून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, त्यांनी 'टॅप ४' लिहिलं आणि खाली तारीख घातली. कोणती तारीख घालू, आजची की तेव्हाची, असं विचारत होते. दोन्ही घाला म्हटलं. जुनी तारीख त्यांना तोंडपाठ होती.